खरा हिरा हातोडीनं फुटतो : कठीणपणा अणूंच्या मांडणीत कुठे असतो?

खोब्रागडीकाठ

आरमोरी तालुक्यातलं वैरागड इथल्या बऱ्याच जणांना किल्ल्यामुळे माहीत असेल. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तिथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. खाण कधीच संपली, पण नाव राहिलं आणि नावाबरोबर आशाही राहिली. नदीच्या वाळूत, नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात पांढरा चकाकता खडा सापडला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो, कारण मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. बहुतेक वेळा ती गारगोटी असते. पण माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचे तुकडे झालेले असतात. कुणीतरी आधीच ती ऐरणीवर नाहीतर पाट्यावर ठेवून हातोडी घातलेली असते. फुटला तर खोटा, वाचला तर खरा, असा हिशोब.

हा धागा त्या हातोडीविरुद्ध आहे. खरा हिरा हातोडीनं फुटतो. नीट बसलेल्या एका घावात फुटतो. उद्या खरोखरच कुणाला हिरा सापडला तर या परीक्षेत तो नापास होईल आणि त्याचा चुरा उकिरड्यावर जाईल.

गोंधळ असा होतो की आपण दोन वेगळे गुण एकाच नावानं ओळखतो. एक कठीणपणा, म्हणजे पदार्थावर ओरखडा काढायला किंवा त्याच्यात खाच पाडायला किती जोर लागतो ते. दुसरा चिवटपणा, म्हणजे घाव बसल्यावर तडा न जाता तो किती सोसतो ते. हिरा पहिल्या गुणात सगळ्यांच्या वर आहे, दुसऱ्यात साधा लोखंडी खिळाही त्याला मागे टाकतो.

असं का, हे अणूंच्या मांडणीत दिसतं. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि ते चार शेजारी चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, चार टोकांवर असतात. कुठल्याही दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश आणि प्रत्येक बंधाची लांबी ०.१५४ नॅनोमीटर. हीच रचना वर, खाली, आजूबाजूला, खड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालू राहते. मध्ये कुठे थर नाही, सैल जागा नाही, कमजोर सांधा नाही. एक अख्खा हिरा म्हणजे एकच अवाढव्य रेणू. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं ही मांडणी उलगडली. स्फटिकांची रचना अशा रीतीनं अगदी सुरुवातीला ज्या पदार्थांची कळली, त्यांत हिरा आहे.

ओरखडा काढायचा तर काही अणू जागेवरून हलवावे लागतात. हिऱ्यात अणू सरकत नाही, कारण त्याचे चारही बंध ठरावीक दिशेला ताणलेले असतात. सरकायचं म्हणजे बंध तोडायचे, आणि कार्बन-कार्बन बंध तोडणं सोपं नाही. म्हणून तो कठीण. पण घाव बसतो तेव्हा हीच गोष्ट उलटते. लोखंडाचे अणू एकमेकांवरून थोडे सरकतात, खिळा वाकतो आणि घावाचा जोर त्या वाकण्यात जिरतो. हिऱ्याला वाकताच येत नाही. सगळा जोर एका बारीक तड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा धावत सुटतो. तोही वाटेल तसा धावत नाही. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांना अशी प्रतलं आहेत, ज्यांना ओलांडून जाणारे बंध दर चौरसामागे सगळ्यांत कमी असतात. तडा तीच वाट धरतो आणि खडा सपाट, चकचकीत पृष्ठांवर दुभंगतो.

जवाहिरे हे अणूचा शोध लागण्याआधीपासून जाणत होते. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा ३१०६ कॅरटचा होता, म्हणजे ६०० ग्रॅमच्या वर. १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे तुकडे केले तेव्हा आधी त्याच्यात एक खाच पाडली, खाचेत पोलादी पातं ठेवलं आणि पात्यावर घाव घातला. जगातला सर्वांत मोठा हिरा असा दुभंगला.

तेव्हा कळकळीची विनंती, चकाकता खडा सापडला तर हातोडी बाजूला ठेवा. प्रश्न, शंका, अनुभव, सगळं इथे लिहा.

धुऱ्यावरून

मॅडम, लेख आवडला. एक गोष्ट मात्र मनाला लागली. खरा हिरा घण सोसतो हे आपण कीर्तनात, अभंगात ऐकत मोठे झालो. ते सगळं खोटं म्हणायचं का?

खोब्रागडीकाठ

नाही दादा. तिथे परीक्षा माणसाची चालली आहे आणि ती मी जशी आहे तशीच मानते. हिरा तिथे दाखल्यासाठी येतो. त्या काळी जगभर हाच समज होता. रोममधल्या प्लिनीनं पहिल्या शतकात हेच लिहून ठेवलं आहे, की ऐरण फुटेल पण हिरा फुटणार नाही. भक्तीच्या वाटेवर तो दाखला पक्का आहे. खड्याची परीक्षा मात्र वेगळ्या रीतीनं करावी एवढंच माझं म्हणणं.

धानपट्टा

मग ती रीत सांगा की ताई. आमच्या गावी तपासायला नेणार कुणाकडे?

खोब्रागडीकाठ

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात आणि दोन्हींत खऱ्या हिऱ्याला धक्का लागत नाही.

पहिली. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक दाण्याचा पॉलिश पेपर आणा, लोखंड घासायचा काळा. त्यावरचे दाणे बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. मोहस या खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी दिली तिच्यात शंखजिरे १ वर, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ७ वर, पुष्कराज ८ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर आहे. सिलिकॉन कार्बाइड ९ च्या थोडं वर बसतं. खड्याची एक गुळगुळीत बाजू त्या कागदावर घासा. गारगोटी, काच, पुष्कराज सगळे धुरकट पडतील. हिऱ्याच्या पृष्ठावर काही होणार नाही, उलट कागदाचेच दाणे झिजतील. एक लक्षात ठेवा, या मोजपट्टीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. कुरुंद ९ आणि हिरा १० म्हणून फरक थोडा वाटतो, प्रत्यक्षात खाच पाडून मोजलं तर हिरा कुरुंदाच्या चौपटीच्या आसपास भरतो.

दुसरी. सोनाराच्या काट्यावर खडा आधी कोरडा तोला, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. पाण्यात वजन किती घटलं त्यानं कोरड्या वजनाला भागा. गारगोटीला २.६५ येतं, हिऱ्याला ३.५२. पुष्कराजही ३.५ च्या जवळ जातो, म्हणून पॉलिश पेपरची परीक्षा सोबत हवीच.

दोन्हींत उत्तीर्ण झाला तर मात्र घरी ठेवून आणखी प्रयोग करू नका, नागपूरला न्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचं कार्यालय तिथेच आहे.

बारावी_चिमूर

ताई, मला एक प्रश्न बरेच दिवस सतावतोय. नववीच्या पुस्तकात हिरा आणि ग्रॅफाइट शेजारी शेजारी होते. दोन्ही कार्बनच. आता बारावीच्या अभ्यासात बंधांची लांबी बघितली तर ग्रॅफाइटमध्ये ०.१४२ आणि हिऱ्यात ०.१५४ नॅनोमीटर. म्हणजे ग्रॅफाइटमधला बंध आखूड आहे, म्हणजे जास्त मजबूत. मग पेन्सिल कागदावर का झिजते आणि हिरा काच का कापतो? उलट व्हायला हवं होतं.

खोब्रागडीकाठ

हा प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला. धाग्याचा गाभाच इथे आहे.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना धरतो आणि ते तिघेही त्याच्याच पातळीत असतात. षटकोनांचं जाळं होतं, सपाट. चौथा इलेक्ट्रॉन त्या जाळ्यात मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि त्याच्यामुळेच पातळीतला बंध हिऱ्यातल्यापेक्षा आखूड आणि घट्ट होतो. तुझं म्हणणं तिथपर्यंत अगदी खरं. पण आता त्या जाळ्याच्या वर बघ. पुढचं जाळं ०.३३५ नॅनोमीटरवर आहे, दुपटीहून लांब, आणि दोन जाळ्यांमध्ये खरा बंध एकही नाही. नुसतं फिकट आकर्षण आहे. पेन्सिल कागदावर ओढतेस तेव्हा तू कार्बनचा एकही मजबूत बंध तोडत नाहीस, थरावरून थर घसरतात आणि कागदावर राहतात.

म्हणजे पदार्थ किती कठीण हे त्यातला सर्वांत मजबूत बंध ठरवत नाही. ओरखड्याला जी वाट सर्वांत सोपी, ती वाट ठरवते. हिऱ्यात तशी सोपी वाट कुठल्याच दिशेला नाही.

हेच आणखी एका जोडीत बघ. शंखजिरे आणि गारगोटी. दोन्हींचा पाया एकच, सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजनचं चतुष्फलक. गारगोटीत प्रत्येक चतुष्फलक चारही टोकांनी पुढच्या चतुष्फलकाला जोडलेलं, तिन्ही दिशांना. कठीणपणा ७. शंखजिऱ्यात ती चतुष्फलकं थराथरानं जोडलेली, मध्ये मॅग्नेशियमचा थर, आणि एका पुडाचा दुसऱ्या पुडाशी जवळजवळ काही संबंध नाही. कठीणपणा १, नखानं निघतं, चेहऱ्याला लावायची पावडर होते. अभ्रकात दोन पुडांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन बसतात आणि पुडांना थोडं बांधून ठेवतात, म्हणून ते २.५ ते ३ पर्यंत चढतं. तरी पापुद्रे निघतातच.

बारावी_चिमूर

मग ज्याची रचना हिऱ्यासारखी, ते सगळंच हिऱ्याइतकं कठीण असायला हवं ना? सिलिकॉनची रचना तर हुबेहूब हिऱ्याचीच असते.

खोब्रागडीकाठ

रचना तीच, पण बंध लांबतो. सिलिकॉनमध्ये बंध ०.२३५ नॅनोमीटरचा, कठीणपणा ७ च्या आत. जर्मेनियममध्ये ०.२४५, कठीणपणा ६ च्या आसपास. थंडीत कथलाचं जे करडं रूप होतं त्याचीही रचना हीच, बंध ०.२८१, आणि ते इतकं कमजोर की हातात भुगा होतं. आवर्तसारणीत कार्बनच्या रकान्यात खाली उतरत जा, अणू मोठे होतात, बंध लांब आणि ढिले होतात, तेवढ्याच जागेत बंधांची संख्याही कमी होते. म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात : आखूड बंध, खच्चून भरलेले बंध आणि तिन्ही दिशांना बांधलेले बंध. कार्बनला हे जमतं, कारण तो लहान आहे आणि चार हात पसरू शकतो.

भाता

माह्या घरी बापजाद्यापासून भाता हाय, वणीच्या बाजूले. ताई म्हन्ते का लोखंड वाकते म्हनून वाचते. पटलं. पन मंग तेच लोखंड लाल करून पान्यात बुडोलं का टणकन तुटते, ते काऊन? ट्रकच्या पाट्याची कुऱ्हाड केली तं पानी देल्यावर अशी कडक होते का कानस तिच्यावरून घसरते. सळईची केली तं कितीबी पानी द्या, काईच होत नाई. बाबा म्हनायचे, सळईत जीव नसते. हा जीव म्हन्जे नेमका काय, कोनी सांगते का?

भट्टीवर

भाऊ, हे माझं रोजचं काम आहे. मूळ गाव हिंगणघाट तालुक्यात, नोकरी पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेत. बाबा जे म्हणायचे ते शंभर टक्के बरोबर. जीव म्हणजे कार्बन.

आधी लोखंड वाकतं कसं ते सांगतो. लोखंडाचे अणू ओळीत, थरात रचलेले असतात. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर किती जोर लागेल याचा हिशोब १९२६ मध्ये फ्रेंकेल यांनी मांडला, आणि उत्तर इतकं मोठं आलं की त्या हिशोबानं शुद्ध धातूची सळई हातानं वाकायलाच नको. प्रत्यक्षात तर ती सहज वाकते. कोडं १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी आपापलं स्वतंत्रपणे सोडवलं. थर एकदम सरकतच नाही. सोयाबीनवरची उंटअळी बघा, ती अख्खं शरीर एकदम पुढे ओढत नाही, पाठीला बाक देते आणि तो बाक पुढे जातो. अणूंच्या थरात तसाच एक बाक असतो, अणूंची एक अर्धवट ओळ. ती ओळ एकेक पाऊल पुढे जाते, एका वेळी थोडेच बंध सुटतात आणि लगेच पलीकडे जुळतात. ओळ पार पलीकडे पोचली की थर एका अणूनं सरकलेला असतो. इंग्रजीत याला डिसलोकेशन म्हणतात. धातू कडक करायचा म्हणजे या ओळीच्या वाटेत अडथळे घालायचे. दुसरा उपाय नाही.

आता तुमची भट्टी. लोखंड तापवलं की सुमारे ९१२ अंश सेल्सियसला त्याची रचना बदलते. पोलादात कार्बन असल्यामुळे हा बदल ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. नव्या रचनेत अणूंच्या मधल्या फटी मोठ्या असतात आणि त्यांत कार्बन सुखानं मावतो, दोन टक्क्यांपर्यंत. थंड झाल्यावरच्या जुन्या रचनेत मात्र त्याला जवळपास जागाच नाही. हळूहळू थंड केलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो आणि लोखंड मऊ राहतं. पाण्यात बुडवलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकतो आणि भोवतालची जाळी एका दिशेला ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेचं नाव मार्टेन्साइट. जिकडेतिकडे अशी ओढाताण, म्हणून ती अर्धवट ओळ कुठे पुढे सरकूच शकत नाही. झालं पोलाद कडक. आणि सरकू शकत नाही म्हणूनच घाव बसला की टणकन तुटतं, अगदी ताईंनी हिऱ्याचं सांगितलं तसंच.

ट्रकच्या पाट्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. बांधकामाच्या सळईत पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, कारण सळई वाकायला हवी. अडकवायला कार्बनच नाही तर पाणी कशाला धरेल?

भाता

आता समजलं भाऊ. आमी पानी देल्यावर पात्याले पुन्हा जरासं तापोतो, घासलेल्या जागी पिवळा रंग आला का काढून घेतो, कुऱ्हाडीले जांभळा येऊ देतो. ते मंग कार्बनले थोडं सुटू देनं असन.

भट्टीवर

तेच. पिवळा म्हणजे २२० ते २३० अंश, जांभळा २८० च्या जवळ, निळा ३०० च्या आसपास. जितकं जास्त तापवाल तितका जास्त कार्बन सुटतो, कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. विळ्याला धार हवी म्हणून पिवळ्यावर थांबायचं, कुऱ्हाडीला घाव सोसायचा असतो म्हणून जांभळ्यापर्यंत जायचं. तुमच्या घरात हे डोळ्यानं बघून करतात, आमच्याकडे त्याला यंत्र लागतं.

बारावीच्या मुलासाठी एक भर. ऑस्मियम नावाचा धातू चहूबाजूंनी दाबून लहान करायला जवळजवळ हिऱ्याइतकाच जोर लागतो. पण कठीणपणात तो गारगोटीच्या पातळीवर, ७ ला थांबतो. कारण धातूतले बंध दिशा धरून बसत नाहीत, इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या सामाईक मालकीचे असतात. दाबायला अवघड, पण ती ओळ सरकवायला त्या मानानं सोपी. हिऱ्यात ओळ एक पाऊल सरकवायची तरी दिशाबद्ध बंध पुरता तोडावा लागतो.

निळा_दगड

मी भंडारा जिल्ह्यातला, आयुष्य खाणीत गेलं, आता शेती बघतो. इतकं सगळं वाचून राहवलं नाही. आपल्या जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट निघतं, भट्ट्यांच्या अग्निरोधक विटांसाठी जातं. ज्यांच्याकडे कायनाइटचा एखादा तुकडा असेल त्यांनी हे नक्की करून बघा.

कायनाइट निळसर, चपट्या लांब पट्ट्यांसारखं असतं. चांगला पोलादी चाकू घ्या. पट्टीच्या लांबीच्या दिशेनं टोक ओढा. पांढरी रेघ उठते, बोट फिरवलं तर चर लागतो. आता त्याच पट्टीवर, त्याच पृष्ठावर, त्याच चाकूचं टोक आडवं ओढा. टोक घसरतं. रेघ दिसते ती चाकूच्या लोखंडाची, करडी, ओल्या फडक्यानं पुसली की जाते. एकच दगड, एकाच जागी, एका दिशेला ४.५ ते ५ आणि दुसऱ्या दिशेला ६.५ ते ७. चाकू ५.५ च्या आसपास असतो, बरोबर दोन्हींच्या मध्ये, म्हणून हा खेळ दिसतो. खाणीवर नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच दाखवायचो. कारण मात्र नेमकं मांडता येत नाही, ते ताईंनी सांगावं.

खोब्रागडीकाठ

काका, एवढं सुंदर उदाहरण मला सुचलंच नसतं. भंडाऱ्याचा दगड वर्गात ठेवून शिकवता येईल असं हे आहे.

कायनाइटमध्ये ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात आणि या अष्टफलकांच्या साखळ्या पट्टीच्या लांबीच्या दिशेनं चालतात. साखळीच्या आत बंध दाट, दोन साखळ्यांच्या मध्ये तुलनेनं विरळ. चाकू लांबीच्या दिशेनं ओढला की तो साखळ्यांच्या मधून वाट काढतो. आडवा ओढला की प्रत्येक साखळी तोडावी लागते.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की कायनाइट, सिलिमनाइट आणि तिसरं अँडालुसाइट, तिघांचं रासायनिक सूत्र एकच. दोन ॲल्युमिनियम, एक सिलिकॉन, पाच ऑक्सिजन. हिरा-ग्रॅफाइटसारखी ही तीन भावंडं आहेत. कायनाइट जास्त दाबाखाली तयार होतं, त्यात सगळे ॲल्युमिनियम सहा शेजारी धरतात. सिलिमनाइटमध्ये निम्मे चारच धरतात. घनता कायनाइटची ३.६ च्या जवळ, सिलिमनाइटची ३.२४. दाबाखाली अणू दाटीनं बसतात, हे हिऱ्यालाही लागू आहे. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो, घनता ३.५, आणि ग्रॅफाइट २.२६.

हिऱ्यातही दिशेप्रमाणे कठीणपणा बदलतो. म्हणूनच हिऱ्यानं हिरा घासता येतो. चाकावरच्या हिऱ्याच्या भुकटीत कण वाटेल त्या दिशेला वळलेले असतात, काहींची कठीण दिशा वर येतेच. कारागीर खड्याची त्यातल्या त्यात नरम दिशा शोधून तिकडून घासतो. हिऱ्याच्या अष्टफलकी स्फटिकाच्या पृष्ठाला समांतर घासायला गेलं तर दिवस जातो आणि खडा तसाच राहतो.

धानपट्टा

आमच्याकडे धान कापताना विळा लवकर बोथट होतो आणि मिलमधले रबराचे रोल सारखे बदलावे लागतात. त्याचा याच्याशी काही संबंध?

खोब्रागडीकाठ

आहे. धानाच्या तणसात आणि टरफलात सिलिका असते. टरफल जाळलं तर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि त्यातली बहुतेक सिलिकाच. रोपात ती स्फटिकाच्या शिस्तीत बसत नाही, चतुष्फलकं अस्ताव्यस्त जोडलेली असतात, म्हणून गारगोटीपेक्षा थोडी कमी, ५.५ ते ६.५. साध्या लोखंडाला तेवढी पुरेशी होते.

घाटावरचा

शिस्त मोडल्याचं उदाहरण आमच्या लोणारलाही आहे. उल्का आदळली तेव्हा बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावर इतका दाब आला की न वितळता त्याची स्फटिकरचना मोडून त्याची काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. घटक तेच, रांग मोडलेली. विवराजवळचे दगड कृपया उचलून नेऊ नका, अभ्यासकांना ते तिथेच हवे असतात.

साडेसहा_इंची

मी यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात बोअरच्या गाडीवर आहे. आमच्या बिटाला पुढे गोल बटनं असतात, कार्बाइडची. काळा दगड लागला, त्यात मध्येच गारगोटी लागली की बटनं झिजतात आणि मालकाचा खर्च वाढतो. हिरा सगळ्यांत कठीण, आता कारखान्यात तयार होतो, मग बटनं हिऱ्याची का नाहीत? हे वाचून अंदाज आला, आमचा हॅमर खाली ठोकत जातो, हिरा ठोकल्यावर फुटेल. बरोबर का?

भट्टीवर

बरोबर. तुमचा हॅमर मिनिटाला शेकडो घाव घालतो. तिथे नुसता कठीणपणा घेऊन काय करणार? बटन टंगस्टन कार्बाइडच्या बारीक कणांचं असतं आणि ते कण कोबाल्ट धातूनं एकमेकांना बांधलेले असतात. टंगस्टनच्या अणूंमध्ये कार्बन बसलेला, बंध बऱ्यापैकी दिशा धरलेले, कठीणपणा ९ च्या घरात. कण घासतात, कोबाल्ट घाव सोसतो. एखाद्या कणात तडा गेला तरी तो कोबाल्टपर्यंत येऊन थांबतो, कारण कोबाल्ट धातू आहे, थोडा वाकतो. कोबाल्ट वाढवला तर बटन चिवट होतं पण लवकर झिजतं, कमी केला तर झिजत नाही पण फुटतं. कुठल्या दगडाला किती, हा सगळा हिशोब त्यातच आहे.

हिऱ्याची बिटं असतात, पण ती बहुतेक फिरून घासणारी. कोळसा किंवा खनिज शोधताना जमिनीतून अखंड कोअर, म्हणजे दगडाचा लांब दंडगोल, काढतात, तिथे धातूत रोवलेले बारीक हिरे वापरतात. नागपूरला मुख्यालय असलेली एमईसीएल ही खनिज शोधणारी सरकारी कंपनी हीच कामं करते. धातू हळूहळू झिजतो आणि आतले नवे हिरे वर येत राहतात.

बारावी_चिमूर

सर, मग कारखान्यात पोलाद कापायला तरी हिरा वापरत असतील ना? तिथे घाव नसतो.

भट्टीवर

पोलादाला हिरा चालत नाही. कापताना टोक तापतं, आणि तापलेलं लोखंड कार्बनला आपल्यात ओढून घेतं, जसं भाऊंच्या भट्टीत घेतं. हिरा स्वतःच पोलादात विरघळत जातो. त्यासाठी १९५७ मध्ये वेंटॉर्फ यांनी घन (क्यूबिक) बोरॉन नायट्राइड तयार केलं. आवर्तसारणीत कार्बनच्या डाव्या हाताला बोरॉन, उजव्या हाताला नायट्रोजन. दोघांचे मिळून इलेक्ट्रॉन दोन कार्बनइतकेच होतात, म्हणून रचनाही हिऱ्याचीच जमते. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि लोखंडात विरघळत नाही. त्याचंही ग्रॅफाइटसारखं थरांचं मऊ रूप आहे, ते वंगण म्हणून वापरतात.

साडेसहा_इंची

एक कामाची गोष्ट मीही सांगतो. बटनाचं टोक झिजून सपाट झालं की बिट पुढे जाईनासं होतं, ठोका सगळ्या बटनावर पसरतो आणि बटनं मुळापासून फुटतात. सपाट भाग बटनाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की बिट काढून बटनं पुन्हा गोल घासून घ्या. घासायच्या वाट्या हिऱ्याच्याच भुकटीच्या येतात. घासताना पाण्याची धार चालू ठेवा. कोरडं घासलं तर कार्बाइड तापून त्याला बारीक चिरा पडतात, त्या वरून दिसत नाहीत, आणि खाली दोनशे फुटांवर बटन निखळतं.

भाता

कार्बाइडले बी तापून चिरा पडते का? मले वाटलं फक्त पोलादाले. त्या हिऱ्याच्या वाट्या नागपुरात कुटी भेटते, दुकान सांगजा भाऊ.